सुतकाआधीचा फेस

दाढीचा फेस करायला माणसाला किती वेळ लागावा? मुलुंडला माझ्या वडिलांना दोन मिनिटं लागत, तीही नळावर उभ्या उभ्या, एकीकडे आईला डबा झाला का ते विचारत. माझ्या नवऱ्याला अर्धा तास लागे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे, कारण वाकोल्याच्या त्या चाळीत दुसरं काही चाललं नसतं. इथे लिहिताना ते करण्याचं मला काही कारण दिसत नाही.

आधी स्टीलच्या वाटीत कोमट पाणी हवं. कडकडीत नको, गारही नको. ते मी द्यायचं, त्याने बोट बुडवून नापास करायचं, मी पुन्हा द्यायचं. मग त्यात ब्रश भिजत ठेवायचा. ब्रश भिजतोय म्हणजे आपलं काम चाललंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तोवर तो मोरीच्या कठड्यावर बसून खिडकीला टांगलेल्या आरशात स्वतःकडे बघत राही. इतकं बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग ट्यूब पिळून बोटाच्या पेराएवढं क्रीम वाडग्यात. मग ब्रश गोल गोल. मधेच दोन थेंब पाणी, पुन्हा गोल गोल. शेवटी ब्रश उलटा धरून बघायचा. फेस गळाला नाही तर जमला, गळाला तर पहिल्यापासून.

हे शिक्षण सासऱ्यांचं. सासरे गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, आणि ते जे घरी येऊन खुर्चीत बसले ते बसलेच. ते स्वतः डबीतला गोल साबण वापरत आणि ट्यूबला नावं ठेवत. ट्यूबच्या फेसाला दम नाही, तो गालावर सुकतो, असं त्यांचं मत. नवऱ्याचं म्हणणं, पाणी बेताचं घातलं तर ट्यूबसुद्धा साबणाच्या तोंडात मारेल. रविवारची अख्खी सकाळ बापलेक यावर बोलत. गॅलरीतले दोघंतिघं येऊन उभे राहत, तेही आपापली मतं देत. एका शेजाऱ्याने तर ब्रश हातात घेऊन प्रात्यक्षिक दाखवलं होतं. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या छपरातून पाणी गळत असे आणि खाली मी पातेलं लावलेलं असे. ते छप्पर तीन पावसाळे गळलं. त्या विषयावर कुणाचं काही मत नव्हतं.

त्या घराण्यातल्या पुरुषांनी आयुष्यात तडीस नेलेलं काम एकच, फेस. बाकी सगळं अर्ध्यावर.

बाहेरच्या खोलीत सासू-सासरे झोपत आणि आत स्वयंपाकघरात आम्ही. मोरी आमच्या उशाशी. सासऱ्यांना रात्री उठावं लागे, तेव्हा ते आमच्या अंथरुणावरून पाय टाकून मोरीवर जात आणि तसेच परत येत. मधे दार नव्हतं, पडदा होता. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि का नाही ते शेजारणी मला विचारत, त्याला नाही. मी हसून वेळ मारून नेत असे. मला त्या दिवसांत दागिने नको होते, साडी नको होती, कुठे फिरायला जायचं नव्हतं. मला एक दार हवं होतं, आतून कडी लागणारं.

ते दार माझ्या भावाने शोधलं. तो भांडुपच्या पुढे एका कारखान्यात होता. तिथे स्टोअर्समध्ये जागा निघाली. कारखान्याच्या मागे कामगारांची वसाहत होती. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि आतच संडास. भावाने दोन ठिकाणी शब्द टाकला, फॉर्म आणून दिला, भरूनसुद्धा दिला, कारण आमच्या माणसाला त्यासाठी चांगला मुहूर्त हवा होता. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा भाऊ मुद्दाम वाकोल्याला आला आणि एकच गोष्ट दोनदा सांगून गेला. तिथला मॅनेजर लष्करातून आलेला आहे. तो शिक्षण नंतर बघतो, आधी माणूस बघतो. गालावर खुंट दिसले की गेटवरूनच परत पाठवतो.

नवऱ्याने मान डोलावली. दाढीचंच असेल तर काळजी नको, म्हणाला. त्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही.

मुलाखत मंगळवारी होती. शनिवारी दाढी करायची नाही, मारुतीचा वार. सोमवारी नाही, शंकराचा वार. राहिला रविवार. रविवारी मी पाणी तापवून दिलं तर म्हणाला, आज केली तर मंगळवारपर्यंत पुन्हा उगवेल, मंगळवारी सकाळीच ताजी करून जातो. यात तसं चुकीचं काही नव्हतं. त्याच्या बोलण्यात चुकीचं कधीच काही नसे, म्हणून तर भांडायलाही जागा नसे.

मंगळवारी मी लवकर उठले. त्याचा पांढरा शर्ट आदल्या दिवशी खालच्या लॉंड्रीतून इस्त्री करून आणला होता, तो खिळ्याला लावला. पाणी तापवलं. मुलाखत अकराची, इथून नऊला निघाला तरी चाललं असतं. साडेसातला तो मोरीच्या कठड्यावर बसला आणि ब्रश भिजत ठेवला.

मी पाण्याची कळशी घेऊन गॅलरीतून येत होते, तेव्हा जिन्यात मला घाटकोपरचे काका दिसले.

हे काका म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ. भावकीतल्या बातम्या पोचवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. लग्न-बारशाची बातमी ते पोस्टाने कळवत. स्वतः येत ते फक्त कोणी गेलं की. सकाळी पावणेआठला, न्हाऊन, पांढरी टोपी घालून, एका हातात छत्री घेऊन काका जिना चढताहेत म्हणजे गावाकडे कुणीतरी म्हातारं माणूस आटपलं, हे चाळीतल्या पोरासोरांनाही कळत असे.

आता त्या घरातलं सुतक कसं चाले ते सांगते. आडनाव एक असलेल्या कुठल्याही पुरुषाच्या घरचं कोणी गेलं, तो कोण, कुठला, कधी पाहिला होता का, याला महत्त्व नाही, दहा दिवस सुतक. देवाला हात लावायचा नाही आणि दाढी करायची नाही. पण हे सुतक लागायचं ऐकल्यापासून. कानावर पडलं नाही तोवर तुम्ही मोकळे. मेलेला माणूस गावाला कालच जळलेला असला तरी वाकोल्यात कोणी तोंडाने बोलेपर्यंत काही झालेलं नाही.

म्हणजे काकांचं तोंड उघडण्याआधी नवऱ्याच्या गालावरून रेझर फिरला की माझं काम झालं. नंतर दहा दिवस वाढवू दे हवी तेवढी. मी कळशी कमरेवर घेऊन अक्षरशः धावत घरात शिरले आणि त्याला म्हटलं, जरा हात चालवा. कारण सांगता येईना. सांगितलं तर मीच सुतक आणलं असं झालं असतं.

तो आरशात बघत "हो हो" म्हणाला आणि ट्यूबचं टोपण उघडलं.

काका दारात आले. चप्पल काढली, छत्री कोपऱ्यात लावली. सासरे खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. त्यांच्या तोंडावरून मला दिसलं की त्यांनाही कळलंय. पण त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काकांना सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं की आधी सगळ्यांच्या आंघोळी, मग स्टोव्ह पेटणार. सासऱ्यांचा सकाळचा चहा व्हायचा होता.

काकांचाही व्हायचा होता. ते घाटकोपरहून उपाशीपोटी निघाले होते आणि हा नियम त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होता. ते भिंतीला टेकून बसले. बातमी पोटात आणि डोळे स्वयंपाकघराच्या पडद्याकडे.

"झिल खंय?" त्यांनी मुलाचं विचारलं.

सासूबाई पडद्याशी उभ्या होत्या. माझ्याशी त्या कामापुरतं बोलत. चार वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं की त्यांना माझ्या मनातलं काही दिसतं. त्यांनी एकदा खिडकीशी बसलेल्या मुलाकडे पाहिलं, खिळ्यावरच्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि काकांना म्हणाल्या, "दाडी करता. तुमी आदी चाय घेवा, मगे बोला."

काकांनी लगेच मान हलवली. मला हसावं की रडावं कळेना. एक माणूस मेला होता. ते सांगायला आलेला माणूस चहासाठी गप्प होता, ज्याला ऐकायचं तोही चहासाठी गप्प होता, आणि दोघंही धर्म पाळत होते. कुणाचंही काही चुकत नव्हतं.

मी स्टोव्हला पंप मारला. आधण ठेवलं. मोरी हाताच्या अंतरावर. नवरा ब्रश फिरवत होता, गोल गोल. मी हळूच म्हटलं, "पुरे झाला, लावा आता."

"पातळ आहे गं अजून," तो म्हणाला. ब्रश उलटा धरला. फेसाचा एक गोळा वाडग्यात पडला. त्याने ट्यूब पुन्हा उघडली.

मी चहा जितका वेळ उकळता येईल तितका उकळला. आलं किसलं, ते आमच्याकडे पाहुण्याला कधी घालत नसत. कपबश्या धुतलेल्या होत्या त्या पुन्हा धुतल्या. बाहेर सासरे काकांना घाटकोपरच्या पाण्याचं विचारत होते आणि काका एकेका शब्दात उत्तरं देत होते. मी चहा नेला. काकांनी बशीत ओतून फुंकून फुंकून घेतला. सासूबाईंनी डब्यातून दोन खारी बिस्किटं काढली, ती खरं तर नवऱ्याला मुलाखतीला जाताना द्यायची होती. काकांनी ती बुडवून खाल्ली.

मी परत आत आले, तर वाडगा भरून फेस झाला होता. असा पांढरा, घट्ट की सासऱ्यांनीही नाव ठेवलं नसतं. मला वाटलं, चला, आता लावेल. तर त्याने त्यात वाटीतलं पाणी घातलं. दोन थेंब नाही, चांगलं पळीभर. फेसाचं पाणी झालं. त्याने ते मोरीत ओतलं, ब्रश झटकला आणि तिसऱ्यांदा ट्यूब पिळायला घेतली.

मी त्याचा हात धरला. लग्नानंतर सासू-सासरे जागे असताना मी त्याला कधी हात लावला नव्हता. म्हटलं, "फेस राहू द्या. पाण्यावर करा. साबण लावा अंगाचा."

"गाल सोलून निघतील गं," तो शांतपणे म्हणाला. "साहेबासमोर रक्त घेऊन जाऊ का?"

बाहेर काकांचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. आता तोंड उघडणार, असं मला वाटलं. पण सासूबाईंचा आवाज आला, अजून अर्धा कप घ्या, म्हणून. आणि त्या स्वतः आत आल्या, गाळणी उचलली आणि भांड्यात उरलेल्या चहात पाणी घालून पुन्हा उकळी आणली. त्या काकांना अर्धा कप म्हणाल्या होत्या, नेला पूर्ण. जाता जाता मुलाकडे बघून नुसतं "रे" म्हणाल्या.

त्याने फेस लावायला सुरुवात केली. आधी हनुवटी, मग डावा गाल, मग उजवा, मग गळा. भिंतीला रंग देणारा माणूससुद्धा एवढा हात फिरवत नाही. कानाच्या पाळीपर्यंत नेला. मिशीच्या कडेने बोटाने रेघ नीट केली. मग रेझर उघडला. पातं काढलं आणि ते काचेच्या ग्लासात आतून घासायला लागला, धार लावायला. नवं पातं पाकिटात होतं. मी ते आदल्या दिवशी आणून ठेवलं होतं, त्याच्यासमोर.

काकांनी बशी पालथी घातली. घसा खाकरला.

"गावाक वायट झाला," ते म्हणाले. "वाडीतलो म्हातारो गेलो. काल तिन्हीसांजेक."

सासरे "अरेरे" म्हणाले. ते म्हातारे कोण, हे त्यांना दोन मिनिटांनी काकांना विचारावं लागलं. वरच्या वाडीतले, आंब्याच्या वादात ज्यांच्याशी तीस वर्षं बोलणं नव्हतं, ते. मग दोघांनी मिळून पुन्हा एकदा अरेरे केलं.

नवऱ्याने ग्लासातलं पातं तसंच ठेवलं. गालावर एकही ओरखडा नाही, सगळा फेस जागच्या जागी. त्याने टॉवेल घेतला आणि पुसून टाकला. खाली चार दिवसांचे खुंट होते तसे होते. सासरे बाहेरून म्हणाले, राहू दे आता. ते म्हणायची गरज नव्हती. ते राहिलंच होतं.

मग आंघोळी सुरू झाल्या. आधी सासरे, मग नवरा. काका निघून गेले, त्यांना अजून कांदिवलीला एक घर गाठायचं होतं. नवरा ओल्या अंगाने आत आला, तेव्हा सासरे गॅलरीत शेजाऱ्याला बातमी सांगत होते. मी त्याला म्हटलं, अजून साडेआठ होताहेत. शर्ट घाला आणि निघा. सांताक्रूझ स्टेशनबाहेर सलून आहे, तिथे दाढी करून घ्या. तिथला न्हावी तुमचं आडनाव विचारणार नाही. संध्याकाळी मी बाबांना सांगते काय सांगायचं ते.

"बाबांना कळल्याशिवाय राहील का? गाल दिसणार नाहीत?"

"दिसू देत. ओरडतील दोन दिवस. नोकरी मिळेल."

तो टॉवेलने डोकं पुसत राहिला. सासूबाई मोरीशी उकिडव्या बसून कपबश्या विसळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दुसरो कप मिया उगाच दिलंय काय रे?" त्या म्हणाल्या. आवाज खाली, बाहेर सासऱ्यांना जाऊ नये इतका.

त्या उठल्या, कपबश्या फळीवर पालथ्या घातल्या आणि पदराला हात पुसत बाहेर गेल्या. त्या बाईचं मी त्या दिवसापर्यंत कधी काही चांगलं मानलं नव्हतं.

मी नवऱ्याला म्हटलं, मला ठाऊक होतं काका का आलेत. म्हणून तर मी घाई करत होते. तुम्हाला कसं कळलं नाही?

"कळलं होतं की," तो म्हणाला. "खिडकीतून दिसले मला ते फाटकातून येताना. तू नळावर होतीस तेव्हाच."

"मग?"

"मग काय? म्हटलं, येऊ देत."

हे त्याने लपवत, शरमत सांगितलं असतं तर मी समजू शकले असते. भीतीने सांगितलं असतं तरीही. पण तो हलका झाला होता. परीक्षा पुढे ढकलली की पोरांच्या तोंडावर येतो तसा आनंद त्याच्या तोंडावर होता, आणि तो मला दाखवायला त्याला काही वाटत नव्हतं, कारण त्याला वाटत होतं की मलाही सुटल्यासारखं झालं असेल. त्याने खिळ्यावरचा इस्त्रीचा शर्ट बाजूला सारून खालचा घरातला बनियन काढला. तो अंगात घालता घालता, जिथे रोज रात्री आमचं अंथरूण पडत असे त्या फरशीवर उभं राहून, त्याने मला विचारलं,

"इथे काय वाईट आहे गं आपलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. चार वर्षांचं होतं, रात्रीगणिक सांगता आलं असतं. पण ज्याला त्या फरशीवर झोपून ते कळलं नाही, त्याला सांगून काय कळणार? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याच्याबरोबर त्या वसाहतीतल्या खोलीतसुद्धा राहायचं नव्हतं. आतून कडी लावून या माणसाबरोबर काय करायचं होतं मी?

मी शर्टाची घडी केली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली. स्टोव्ह पुसला, भाजी चिरायला घेतली. तो बाहेर जाऊन बापाजवळ बसला आणि दोघं गावच्या आंब्याच्या झाडाबद्दल बोलू लागले. त्या दिवसापासून मी त्याला कधीही, कशासाठीही घाई केली नाही.